सासूबाईंचा जायचा घागरा

१२ नोव्हेंबर

आज सासूबाई म्हणाल्या, "काब्लिया, पेटी उघड. माझे जायचे कपडे काढ. उन्हात घाल."

ऊन नाही, दमट हवा आहे, उद्या बघू म्हटलं. ऊन तर अंगणभर पडलं होतं! त्यांना लांबचं, खिडकीबाहेरचं दिसत नाही म्हणून खपलं.

पेटीत ते मेल्यावर नेसवायचे कपडे नाहीत. इथे तरी खरं लिहिते. तीन वर्षांपूर्वी मीच देऊन टाकले. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. चियांग माई शहरातल्या त्या नव्या गांजा संग्रहालयाच्या सुपात्राबाई आमच्या गावात आल्या, चुलीपाशी बसल्या, भात खाल्ला. भांगेच्या सुताचं जुनं कापड दाखवा म्हणाल्या. सासूबाईंच्या पांढऱ्या घागऱ्याएवढी बारीक वीण अख्ख्या गावात नाही. सगळं जग बघेल म्हणाल्या — आणि मी फुगले. दिला! घागरा, अंगरखा, वर टोक वळवलेले जोडे, सगळं.

वर्षभरात दुसरा विणू असं मनाशी ठरवलं होतं. भांग पेरली, साल सोलली, सुताचे दोन गोळे वळले. मग डोळे अधू झाले. मग कंटाळा. कंटाळाच, दुसरं काही नाही.

१३ नोव्हेंबर

पुन्हा विचारलं. पुन्हा दमट हवा.

१७ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले सासूबाईंना आता घरीच ठेवा. म्हणजे काय ते कळलं. ह्यांना सगळं सांगून टाकलं. मागे जाऊन लाकडं फोडत बसले. लाकडं भरपूर आहेत घरात.

जेवताना एवढंच म्हणाले, "आपल्या गेलेल्या माणसांनी तिला तिकडे ओळखायचं कशावरून?"

२० नोव्हेंबर

चियांग माईला जाऊन आले. पाय दुखताहेत, तरी लिहिते.

संग्रहालयात खाली सगळं ओढायचंच सामान. चिलमी, औषधाच्या बाटल्या, पानांची चित्रं काढलेल्या उशा. दारावरचा मुलगा हसून म्हणाला, "काय मावशी, तुम्हीपण?" म्हटलं, बाबा, आमच्याकडे हे ओढत नाहीत, नेसतात. त्याला वाटलं चेष्टा करतेय.

वरच्या मजल्यावर घागरा दिसला. एका बाहुलीला नेसवलाय! माणसाएवढी बाहुली, ओठ लाल, हात कमरेवर. पायात ते जोडे. खाली पाटी — तरुणीचा नववर्षाचा पोशाख. दोन पोरी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होत्या.

मेलेल्याचे कपडे आहेत गं ते! ओरडायचं होतं. तिथेच फरशीवर बसले. रखवालदाराने पाणी आणून दिलं.

सुपात्राबाई धावत आल्या. बाई वाईट नाहीत. सगळं ऐकून रडल्या. म्हणाल्या, "पण ताई, एवढं सुंदर कापड मातीत घालणार?"

"मातीसाठीच विणलंय," मी म्हटलं.

"मला वाटलं सणाचा आहे. तुम्ही सांगितलं नाहीत."

नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी नेला नसता. आता समितीला विचारून कळवणार आहेत.

२४ नोव्हेंबर

फोन नाही. सासूबाईंनी दोन घास पेज घेतली, तिसरा थुंकला. "मीठ घालायला विसरलीस. तीस वर्षं विसरतेयस." मीठ होतं.

२७ नोव्हेंबर

आज सासूबाईंना सांगितलं. पायाशी बसले, मान वर केली नाही.

मग म्हणाल्या, "बाहुलीला? ओठ रंगवलेली?"

"हो."

"दिसत कशी होती?"

"चांगली."

हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, पाठ चोळली. "मला तो नवा असताना नेसून बघायचा होता. सासूने हात लावू दिला नाही. म्हणाली, मरशील तेव्हा नेस. चला, कुणीतरी मिरवला!"

मला वाटलं सुटले. संध्याकाळी त्यांना कुशीवर वळवताना हळूच म्हणाल्या, "पण भांगेचं अंगावर नसलं तर मला पितरांच्या दारात उभी कोण करेल गं? आई म्हणेल, ही कुठली बाई?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर

सुपात्राबाईंचा फोन! देताहेत! स्वतः घेऊन येताहेत! ह्यांनी कोंबडी धरून ठेवली.

३ डिसेंबर

कसं लिहू.

पांढरा खोका, आत पातळ कागदाच्या घड्या. सुपात्राबाईंनी दोन्ही हातांनी घागरा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चुण्यांवरून बोटं फिरवली, एकेक. मग हात थांबला. "आत काय आहे?"

"अस्तर," सुपात्राबाई म्हणाल्या. किती कौतुकाने म्हणाल्या! "कापड विरत चाललं होतं. शंभर वर्षं टिकावं म्हणून खास नायलॉनचं लावून घेतलं."

मग ह्यांनी त्यांना सांगितलं — आमच्यात मेलेल्याच्या अंगावर न कुजणारं काही ठेवत नाहीत. धातू नाही, नायलॉन नाही. भांग मातीत जाते, माणूस सुटतो. हे राहिलं की तो त्यातच अडकून पडतो.

बाईंचा चेहरा पांढराफटक. "मी जपायला गेले हो!"

"मीसुद्धा," म्हटलं. खोटं. मी मिरवायला गेले होते.

४ डिसेंबर

उसवतेय. बाई गेल्याच नाहीत, त्याही बसल्यात भिंग लावून. टाके केसाएवढे, त्यात मध्ये मध्ये चिकटवलंय. ओढलं की अस्तराबरोबर भांग येते.

सासूबाई पडल्या पडल्या बघतात. "शिकलेल्या बाईचा हात बघ! आणि आमच्या सूनबाई, कोंबडी सोलतेय जशी."

५ डिसेंबर

तेरा चुण्या सुटल्या. कितीतरी बाकी आहेत. सासूबाई आज बोलल्या नाहीत. मी मुद्दाम खाट हलवली, तरी रागावल्या नाहीत.

६ डिसेंबर

उजवी बाजू झाली. डावी सगळी चिकटवलेली आहे. थांबा हो आई, थोडं थांबा.

७ डिसेंबर

सकाळी गेल्या. हातात सुई होती माझ्या.

डावी बाजू कात्रीने कापून टाकली. मग माझा जायचा घागरा काढला. आमच्या माहेरचा, निळा; तिकडचे निळा नेसतात, सासरचे पांढरा. माझ्या आईने विणलेला. तो मधोमध कापून सासूबाईंच्या पांढऱ्याला जोडला. गावातल्या बायका बघत राहिल्या — पांढऱ्यांच्या घरात निळं! ह्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. नेसवला.

उजवीकडून त्यांच्या लोकांनी ओळखलं नाही, तर डावीकडून माझी गेलेली आई तरी घरात घेईल.