नऊ फुटांची पट्टी आणि न दिलेली परवानगी

मी खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, निवृत्त मोजणीदार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. ती सहा वर्षांत इथे फिरकली नाही, म्हणून कोणी तिच्या हक्काला फाटे फोडू नयेत. तिचे न येणे रास्त आहे. कारण कलम तीनमध्ये येईल.

२. मोजणीची साखळी, पितळी होकायंत्र व नकाशे रंगवायचे ब्रश माझ्या जुन्या कचेरीला द्यावेत. कचेरीला ते नको आहेत, मी विचारून आलो. तरी द्यावेत. मेव्हण्याने नेलेली घडीची शिडी मात्र परत आणावी. अकरा वर्षे तो "उद्या आणून देतो" म्हणतो आहे.

३. घराच्या उत्तरेची पट्टी, रुंदी नऊ फूट, लांबी एकेचाळीस. पस्तीस वर्षे लोकांच्या हद्दी मोजल्या, स्वतःची मोजली नाही. पत्नी म्हणायची, "अहो, एकदा इथेही साखळी टाका ना." मी म्हणायचो, "दिवसभर तेच करतो, घरी तरी नको." शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी त्या पट्टीत पत्र्याची शेड घातली आणि मशीन मांडले. पत्नी कुंपणाशी उभी राहून भांडायची.

"जागा आमची आहे, शेड काढा!"

"नाही काढत जा, करा काय करायचं ते!"

सगळी गल्ली ऐकायची. मालकाला न जुमानता कोणी उघडपणे, सलग बारा वर्षे ताबा ठेवला, तर मालकाचा हक्क संपतो. हे मला तोंडपाठ होते. तरी मी वेळेत दावा लावला नाही.

पत्नी गेल्यावर घर खायला उठले. हाताला काही काम हवे म्हणून साखळी टाकली. पट्टी माझीच निघाली, पण तोवर शेडला पंधरा वर्षे उलटली होती. तरीही कोर्टात गेलो. खरे सांगायचे तर तारखेला कोणीतरी माझ्या नावाचा पुकारा करायचे, तेवढेही बरे वाटायचे.

वकील म्हणाले, "काका, परवानगीने वापरलेली जागा कितीही वर्षांनी मालकाचीच राहते. काकू कधीतरी 'वापरा' म्हणाल्या असतील ना? आठवून बघा."

मी आठवले. माझ्यासमोर पत्नीने बाईंना आपुलकीने परवानगी दिली, असे शपथेवर सांगितले. बाईंच्या बाजूने साक्ष द्यायला गल्लीतले कोणी कोर्टाची पायरी चढले नाही. निकाल माझ्या बाजूने लागला आणि बाईंनी शेड स्वतःच्या हाताने उतरवली.

निकालाची प्रत वाचून मुलगी म्हणाली, "आई भांडखोर होती, बाबा, आणि ती बरोबर होती. तुम्ही तिला मेल्यावर गोड केलंत." त्याच दिवशी ती बॅग उचलून गेली.

४. ही पट्टी शिवणवाल्या बाईंच्या नावे व्हावी. दस्तात बक्षीस, प्रेम, उपकार असला कोणताही शब्द घालू नये. कायद्याने ती बाराव्या वर्षीच त्यांची झाली होती. हे आजही कुंपणाशी जाऊन सांगता येईल. तीनदा गेलो. मला पाहून त्यांचे आता ओसरीवर असलेले मशीन थांबते आणि माझे पाय मागे फिरतात. म्हणून हा कागद.

५. वकिलांना काही देऊ नये. आठवायला त्यांनी सांगितले, आठवले मात्र मी, म्हणून त्यांना शिव्याही देऊ नयेत.

६. या कागदाची एक प्रत आजच टपालाने मुलीला जात आहे. माझ्या मरणाची वाट पाहून तिने हे वाचावे, असे मला वाटत नाही. तिच्यासाठी व कोर्टासाठी लिहून देतो: मी शपथेवर सांगितले ते खोटे होते. माझ्या पत्नीने परवानगी दिली नाही, कधीही नाही. ती त्या जागेसाठी शेवटपर्यंत भांडली आणि एकटीच भांडली. मी घरातच असायचो. आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायचो.

(सही) निवृत्त मोजणीदार

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. टपालवाले, ज्यांना मी पत्र नसतानाही दारात थांबवतो.
२. औषधांच्या दुकानाचे मालक, दुसरे कोणी ओळखीचे नसल्यामुळे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १४ मार्च, दुपार