कोंबड्यांच्या जाळीतला कोबा

देवळाली प्रवरा,
५ जानेवारी १९९६

प्रिय हनुमंत,

तुला नि ज्योतीला आशीर्वाद. खुशाली मागाहून, आधी माझा राग वाच. नणंदेच्या घरी बारसं म्हणून मी कोपरगावला गेले. आठवडाभर आबांपाशी राहा म्हणून तुला बोलावलं, तर तू घरामागच्या कोंबड्यांच्या जाळीत सिमेंटचा कोबा करून ठेवलास! मला विचारलंस? मी काय मेले होते? परत येऊन जाळीचं दार उघडलं, पाय ठेवला तर खाली टणक. मला वाटलं, चुकून शेजारच्या भागूबाईच्या ओट्यावर चढले.

खाली काय पसरायचं याचा मी काही कमी विचार केला नव्हता, बाबा. आधी नुसती माती होती, तर पावसाळ्यात चिखल आणि त्यात बरबटलेली अंडी. मग प्रवरेची वाळू टाकली. ती मे महिन्यात अशी तापली की कोंबड्या एकेक पाय उचलून उभ्या. मुरूम टाकला, तो पावसात दबून बसला आणि त्यांना उकरताच येईना. वखारीतला लाकडाचा भुसा आणला, तो वाऱ्याने उडून आबांच्या डोक्यावर आणि माझ्या भाकरीत. एवढं सगळं झाल्यावर मला उसाच्या वाळक्या पानांचं पाचट सापडलं. ऊसतोड झाली की लोक ते फडातच पेटवून देतात, मी भारे बांधून घरी आणले. पाचटाखाली किडे होतात, कोंबड्या दिवसभर उकरत बसतात. ओलं झालं की वरखाली करायचं, कुजलं की उचलून लिंबाच्या बुडाशी टाकायचं आणि नवं पसरायचं. इतकं छान बसलं होतं सगळं. आणि तू शहरातल्या तुझ्या सावेडीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून आलास नि ठरवलंस की हा कचरा आहे! उंटावरून शेळ्या हाकायची तुझी खोड लहानपणापासूनची.

म्हणे कोबा धुवायला सोपा, वास येत नाही. अरे, पण कोंबडीने उकरायचं नाही तर करायचं काय दिवसभर? वर्तमानपत्र वाचायचं? त्यांचे तळवे सुजले, तुरेवाली लंगडायला लागली. अंडं पडलं की फुटलंच. सगळ्या जणी मागच्या कोपऱ्यात मुकाट बसून, नव्या सासुरवाशिणींसारख्या. तुझ्या त्या मच्छिंद्र मिस्त्रीला जाब विचारला तर मलाच ऐकवतो, ‘अक्का, साहेब म्हनले कर, मी केलं. पानी मारून मारून पक्का केलाय, शंभर वर्सं हालायचा न्हाई.’ वर कौतुकाची अपेक्षा!

तुझं मन वाईट नाही, हे मी जाणते. काचबिंदूने आबांची नजर गेल्यापासून तू त्यांना सावेडीला न्यायचं म्हणतो आहेस, आणि दर वेळी ते नाहीच म्हणत आले. या खेपेला मी परतले तशी तू निघालास, तेव्हा विचारलंस आणि ते एका शब्दात हो म्हणाले. केवढा हरखलास तू! संक्रांतीनंतरच्या रविवारी जीप घेऊन येतो म्हणालास. मला वाटलं, मी विधवा होऊन माहेरी आले, इतकी वर्षं त्यांचं केलं, तरी कुठेतरी कमी पडले असेन. त्यांची ट्रंक भरताना मी रडले, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

ओला कोबा तुडवला जाऊ नये म्हणून तू त्यांची बाज पुढच्या ओट्यावर नेलीस, ती तिथेच राहिली. मी विचारलं, मागे नेऊ का? तर म्हणाले, ‘आता काय हाय मागं?’ एरवी त्यांचा सगळा दिवस जाळीला लागून जायचा. सगळी हयात उसाच्या फडात गेलेला माणूस, पाचट वाजलं की त्यांना बरोबर कळायचं. तुरेवाली दोनदा उकरून थांबते, काळी एकसारखी उकरत सुटते. मूठभर ज्वारी टाकून ते नुसत्या खसफशीवरून मला सांगायचे, कोण कुठे आहे, कोण कोणाला टोचते आहे. ते सगळं बंद झालं. जेवणही निम्म्यावर आलं. मला वाटलं, निघायचे दिवस जवळ आले म्हणून जीव हुरहुरतोय.

परवा माझा संयम सुटला. मच्छिंद्रालाच बोलावलं आणि त्याच्याच हातून कोबा फोडायला लावला. आधी नको नको म्हणत होता. मी स्वतः पहार उचलल्यावर मुकाट कामाला लागला. दुपारी राडारोडा उचलून दोन भारे पाचट पसरलं. कोंबड्या अशा काही तुटून पडल्या की विचारू नकोस! आणि तेवढ्यात भिंत चाचपत आबा मागे आले. मी हाताला धरायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. जाळीला कान देऊन उभे राहिले, आणि म्हणाले, ‘पोरी, ही तुरेवाली ना गं? इकल्या न्हाईत व्हय?’

हनुमंता, कोबा ओला होता तेवढे दिवस तू कोंबड्या डालग्यात कोंबून भागूबाईकडे ठेवल्यास. आबांना ऐकू आला तो फक्त त्यांचा कलकलाट, दूर दूर जाणारा. दोन शब्द सांगायला तुला सुचले नाहीत. मला तर त्या नेल्या होत्या हे परवा भागूबाईने सांगेपर्यंत ठाऊकच नव्हतं. परत आणल्यावर एखादी ओरडली, कोंबडा आरवला, तरी त्यांना तो भागूबाईचाच वाटायचा. मी म्हटलं, आबा, मग मला का नाही विचारलंत? तर म्हणाले, ‘काय इचारायचं? घर आवरायला काढलं तुमी. आदी त्या गेल्या, आता मी. मंग आडून कशाला बसायचं?’

तेव्हा रविवारी जरूर ये. ज्योतीला आण, पोरांना आण, तिळगूळ खाऊन जा. आबांना न्यायला मात्र येऊ नकोस, ट्रंक मी रिकामी केली आहे. तुला त्यांच्या होकाराचं इतकं अप्रूप वाटलं म्हणून हे पत्र लिहिते आहे. आपल्या लेकरांनी आता आपल्याला काढायचं ठरवलंय, असं समजून आबा तुला हो म्हणाले होते.

तुझीच,
भागिरथीअक्का