आडवी कबर

आबा, गेल्या रविवारी तुमच्या कबरीवरून मी भांडले. चांगली कडाकडा भांडले, सगळ्यांच्या देखत. तुम्ही असता तर "आवाज खाली" म्हणाला असता. पण तुम्ही नाही, आणि मी आता पंचेचाळीस वर्षांची, शाळेत भूगोल शिकवणारी बाई आहे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तो कमी करणं मला जमत नाही आणि त्या दिवशी करायचाही नव्हता.

झालं असं, की आपलं बहाई कब्रस्तान आता ऐतिहासिक ठरलंय. तुम्ही राखणदार होता तेव्हा पाहुणे म्हणजे शेळ्या आणि पतंग शोधत भिंतीवरून उड्या टाकणारी पोरं. आता माणसं मुद्दाम बघायला येतात. इराणातून आलेल्या त्या पहिल्या कुटुंबांचे दगड धुऊन काढलेत, पायवाट आखलीय. रविवारी आम्ही सगळे साफसफाईला जमलो होतो. समितीतला एक नवा तरुण, पोरगा तसा गुणी, टेप घेऊन रांगा मोजत होता. तो तुमच्यापाशी येऊन थांबला. बाकी सगळ्या कबरी पूर्व-पश्चिम, पाय पश्चिमेला, कारण ज्या पवित्र समाधीकडे तोंड करून बहाई माणूस प्रार्थना करतो ती तिकडे. तुमची एकटीच दक्षिणोत्तर. तो म्हणाला, "ताई, आतलं काही हलवायचं नाही. फक्त वरचा चौथरा फिरवून रांगेत घेऊ. खाली कसं आहे ते कुणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे," मी म्हणाले, आणि तिथून सुरू झाले. खाली माणूस एकीकडे आणि वर दगड दुसरीकडे, असला खोटा दगड माझ्या बापाच्या छातीवर बसवायचा नाही, म्हणाले. हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही, मेल्यावर त्याच्याकडून बोलवून घेता काय? तो बिचारा टेप गुंडाळत राहिला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. फोटोत सरळ दिसावं म्हणून माणसं काय वाटेल ते सरळ करायला निघतात, त्यांना कुणीतरी अडवायला हवंच.

हे मी तुमच्याकडूनच घेतलंय. चौथीत असताना वर्गातल्या मैत्रिणीला मी सांगितलं होतं, माझे वडील बागेत कामाला आहेत. तिचे वडील कचेरीत, तिचं घर सिमेंटचं, मला कब्रस्तान म्हणायची लाज वाटली. तुमच्या कानावर ते कसं आलं कुणास ठाऊक. गारखेड्याच्या त्या एका खोलीत आई भाकरी थापतेय, मी ताटावर बसलेय, आणि तुम्ही दारातच चपला काढता काढता म्हणता, "बाग नाय म्हणायचं. कब्रस्तान हाय, कब्रस्तान म्हणायचं. तिथं निजलेल्या लोकांची लाज वाटती व्हय तुला?" मी म्हणाले, फुलझाडं तर आहेत की. आई हसली, तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकलवर मला आणि मैत्रिणीला, दोघींना घेऊन गेलात आणि एकेक दगड दाखवलात: हा चहाचं हॉटेल चालवायचा, ही बाई पोरींना शिवण शिकवायची. त्यातल्याच एका म्हाताऱ्यानं तुम्हाला पहिल्यांदा शेजारी बसवून त्याच्याच कपातून चहा पाजला होता, आणि पाचोडहून मजुरीला आलेले तुम्ही तिथंच राहून गेलात. मैत्रिणीला ते सगळं भारी आवडलं. मला मात्र तुमचा राग पुढं कित्येक दिवस पुरला.

आणि मग तो दिवस. तुम्ही सकाळी गेलात, चहा अर्धा टाकून. तुमचं आवरणं चालू आहे, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून बोटात बहाई माणसाला पुरताना घालतात ती अंगठी घातली आहे, आणि मोठे काका पाचोडहून जीप घेऊन दारात उभे. "आमचा भाऊ आमच्या मातीत जाईल," ते म्हणतात. "आपण बौद्ध झालो ती काय कमी गोष्ट व्हती? आन् ह्यानं आनखी कुठला रस्ता धरला!" मी एकोणीस वर्षांची. धड बहाई नाही, धड बौद्ध नाही, कशातच नाही. पण दारात आडवी उभी राहते. म्हणते, बहाई माणूस जिथं जातो तिथून तासाभराच्या वाटेपलीकडं त्याला न्यायचं नसतं. पाचोड त्याच्या पुढं आहे.

"कोन म्हनतं?"

"आबा म्हणायचे."

"आबा आता उठून घड्याळ बघनार हाय व्हय?"

"मी बघीन," मी म्हणते. काका हात उगारतात आणि खाली घेतात. शेवटी आई चुलीपासून उठते. ती तिच्या मरणापर्यंत बुद्धवंदना म्हणत राहिली, तुमच्या सभेला कधी गेली नाही. ती म्हणते, "पोरगी म्हनती तसं व्हऊ द्या. ह्यांच्या मनात तेच व्हतं." काकांनी जीपची चावी खिशात टाकली. मी जिंकले होते. आबा, खरं सांगते, बाप मेलेला असताना माझ्या अंगात जिंकल्याची धुंदी होती.

कबर खणायला नेहमीचे चाचा होते, पडेगावचे. त्यांचं रोजचं काम मुसलमानांच्या कबरींचं, त्या दक्षिणोत्तर असतात. म्हणून आपल्याकडे प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः जमिनीवर आडवे व्हायचात, पाय पश्चिमेला करून, आणि चाचा तुमच्या भोवतीनं फावड्यानं रेघ ओढायचे. मग उठून, पाठ झाडून, "हां, अब खोदो" म्हणायचात. त्या दिवशी आडवं व्हायला तुम्ही नव्हता. पेटी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं, खाली सगळा कातळ, दिवसभर फोडून खड्डा झाला होता आणि तो बाकीच्या रांगेला आडवा, दक्षिणोत्तर होता. वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, सवयीनं खणलं असणार, राहू द्या. पुरोहित आपल्यात नसतोच, प्रार्थना मीच वाचली, सगळे उभे राहिले, काकासुद्धा. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फावडं पुसायला लागले. पुढं त्यांना त्या कब्रस्तानात कुणी कामाला बोलावलं नाही.

तर रविवारी मी पुन्हा जिंकले. चौथरा आहे तसा राहील असं ठरलं. तो तरुण म्हणाला, "पण ताई, लोक विचारतात. माहितीपत्रकात दोन ओळी टाकू या." तिथल्या तिथं मोबाइलवर लिहून त्यानं वाचून दाखवलं: कबर खोदणाऱ्याच्या चुकीमुळे ही एक कबर वेगळ्या दिशेला आहे. "बरोबर ना, ताई?"

मी मान हलवली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. त्या सकाळी काकांशी माझं भांडण ऐन रंगात असताना चाचा पडेगावहून सायकलवर आपल्या दारात आले होते. गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटी, आज लेट के दिखानेवाला कोई नई. पैर किधर कू करने के?" मला सगळं ठाऊक होतं. लहानपणापासून तुम्हाला त्या मातीत आडवं होताना पाहिलं होतं. पण काका बोलत होते आणि मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी चाचांकडे वळूनही न बघता म्हणाले, "हमेशा करते वैसाच करो."