रविवारचं पाणी

नाना, पुढच्या महिन्यात तुमचा नातू, माझा मुलगा, आम्हा सगळ्यांना तंबूत राहायला नेणार म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्याशी कुणीतरी तशी जागा काढली आहे. तंबू आधीच उभे, आत पलंग, पंखा, मागे संडास. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले आणि मला तुमचंच बोलणं ऐकू आलं, की खुंटी आपल्या हाताने ठोकली नाही तर तो कसला कॅम्प, ती तर लग्नाची वरात झाली. मी पोराला हो म्हटलं, अगदी कौतुकाने म्हटलं. त्याला चार दिवस झाले, आणि आज हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुम्ही असताना जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही, आणि आता ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर माझी जीभ सुटली आहे. माझं धाडस नेहमी असंच उशिराचं.

आपली राहुटी पाटबंधारे खात्याच्या लिलावातली होती. एका अंगाला मोठं ठिगळ, आणि उन्हात ठेवली तरी भिजल्या गोणपाटाचा वास जायचा नाही. तरुणपणी मोजणीच्या कामावर तुम्ही असल्याच राहुटीत महिनोन् महिने काढलेले. लग्न झालं, कालवा निरीक्षक झालात, क्वार्टर मिळालं, तरी ती हौस फिटली नव्हती. नाताळच्या सुट्टीत तीन दिवसांची रजा टाकायची, बैलगाडी सांगायची आणि आम्हाला घेऊन रानात जायचं. शिरपूरपासून तासाभरावरच्या खात्याच्या कॉलनीत लोक गालातल्या गालात हसायचे. समोरचे हेडक्लार्क विचारायचे, "क्वार्टर गळतं का हो तुमचं?" तुम्ही म्हणायचात, "क्वार्टर बरं आहे, आमचं डोकं गळतं." कॅम्पवर आईने चुलीला हात लावायचा नाही हा तुमचा कायदा. तुम्ही कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजणार, लाकडी मुसळीने भरीत ठेचणार, मिरच्या हमखास जास्त घालणार, आणि आई ट्रंकेवर पाय पसरून, नाक पुसत पुसत ते खाणार. घरात कामापुरतं बोलणारी बाई तिथे पोट धरून हसायची. मला वाटायचं, आपली खरी आई इथे राहते आणि वर्षातून एकदा आपण तिला भेटायला येतो.

त्या वर्षी मी सहावीत आहे, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. ऐंशीचं दशक संपायला दोन-तीन वर्षं असतील. शुक्रवारची दुपार आहे. तुम्ही बैलगाडी ठरवायला गेला आहात, आई दळण आणायला. तुमचा पाटकरी, कालव्याची दारं उघडून शेतांना पाणी देणारा, सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसतो. मी त्याला तांब्याभर पाणी देते. धाकटा त्याच्या सायकलचं पायडल फिरवत बसतो. पाणी पिऊन पाटकरी म्हणतो, "साहेबले सांगजो बेटा, पाणी मंगळवारले नही, रविवारना सकायलेच सुटनार शे. नालामाबी सोडनं शे. इसरू नको." मी मान हलवते. तो तोंड पुसून निघून जातो.

पाणी सुटायच्या दिवशी निरीक्षकाला रजा नसते, हे मला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आदल्या वर्षी असाच निरोप आला होता आणि बांधलेली ट्रंक आईने एकेक कपडा काढून रिकामी केली होती. तुम्ही संध्याकाळी परत आलात, गाडी ठरली म्हणून खुशीत होतात, धाकट्याला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरलात. मी निरोप सांगितला नाही. माझ्या डोक्यात फक्त रजा होती. नाल्याचा विचार शुक्रवारी माझ्या मनात आलाच नाही. निदान एवढं तरी खरं धरा.

शनिवारी तुम्ही राहुटी कोरड्या नाल्यातच ठोकलीत. दुसऱ्या कुणाची ती छाती झाली नसती. पण पाणी कधी येणार हे सगळ्या पंचक्रोशीत तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? वाळू मऊ, दोन्हीकडे दरड, वारा लागत नाही, आणि मंगळवारपर्यंत थेंब येणार नाही. संध्याकाळी भरताची वांगी निखाऱ्यात टाकून तुम्ही धाकट्याला वाळूत कालवा खोदून दाखवलात. त्या कालव्याला बारीक पाटांच्या चाऱ्या काढल्यात, बांध घातलेत, पळसाच्या पानाचं दार बसवलंत. त्याने विचारलं, "नाना, याच्यात पाणी कधी?" तुम्ही म्हणालात, "मंगळवारी सकाळी. वर कालव्याचं दार उघडलं की अर्ध्या तासात इथे कमरेइतकं पाणी. तोवर आपण घरी."

मला तेव्हा कळलं. भाकरीचा तुकडा हातात होता, तो तसाच राहिला. आई ट्रंकेवर बसून तुम्हाला चिडवत होती, की निरीक्षकसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कालवा खणला. तुम्ही हसत होतात. सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. पण सांगितलं असतं तर राहुटी मोडावी लागणार, अंधारात गाडी शोधावी लागणार, आणि सगळ्यांच्या तोंडावरचं हसू माझ्यामुळे जाणार. मार तुम्ही दिला नसतात. मला भीती होती ती आईच्या नजरेची. मी मनाशी ठरवलं, सकाळी उठल्या उठल्या सांगायचं, की नाना, मी विसरले होते. सकाळी म्हणजे किती वाजता, हे पाटकऱ्यालाही मी विचारलं नव्हतं.

सकाळी मला जाग आली ती धाकट्याच्या ओरडण्याने. तो आनंदाने ओरडत होता. "पाणी आलं, नाना, पाणी आलं." तुम्ही दरडीवरच्या वस्तीत दुधाला गेला होतात, आई झुडपांमागे. मी राहुटीतून बाहेर आले. पुढे पाचोळा, काटक्या आणि फेस ढकलत पाणी वळणावरून येत होतं. पुरासारखं नाही. चालत आल्यासारखं येत होतं. तो पाण्याकडे पळत होता, आपल्या कालव्यात ते वळवून घ्यायला. आणि मी दरडीकडे पळाले. त्याच्या आणि माझ्यामध्ये दहा-पंधरा पावलं असतील. माझे पाय दरडीकडे वळले. वर पोचून मागे पाहिलं तेव्हा राहुटी पाण्यात आडवी झाली होती आणि तुम्ही दुधाचं भांडं टाकून उडी घेतली होती. दुपारी खालच्या गावाच्या फरशी पुलाशी तो गावकऱ्यांना सापडला. त्याला तुम्ही उचलून आणलंत. आईने तुमच्या हातातून घेतला आणि मग कोणाकडे दिलाच नाही.

धाकट्याचं दहावं झालं आणि तुम्ही मला स्वयंपाकघरात हाक मारलीत. पाटकरी वरच्या साहेबांना सांगत होता, की निरोप मी पोरीजवळ दिला, तिने मला पाणी पाजलं, पोरगा सायकलशी खेळत होता. त्याचं काम रोजंदारीचं, कागदावर एक सही झाली की घरी बसला असता. तुम्ही खाली बसलात, माझ्या डोळ्यांशी डोळे येतील असे. विचारलंत, "बेटा, शुक्रवारी कोणी आलं होतं?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मग "बरं" म्हणून उठलात. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब जबाब घ्यायला घरी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत तुम्ही सांगितलंत, की निरोप मला मिळाला होता, माझ्या लक्षातून गेला. आई दाराआड उभी होती. ती तशीच बाहेर आली, साहेबांसमोर, डोक्यावर पदरही न घेता. "तुमले मालूम व्हतं?" तुम्ही म्हणालात, "हो."

पाटकऱ्याचं काम राहिलं. तुमची वेतनवाढ थांबली, आठ महिने निलंबन झालं आणि मग जळगावला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. मेहरूणच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आपण आलो. तलाव हाकेच्या अंतरावर, पण तुम्ही कधी तिकडे फिरकला नाहीत. आईने शेवटपर्यंत तुमच्याशी सरळ बोलणं ठेवलं नाही. जे काय ते माझ्यामार्फत. "नानाले सांग, जेवन वाढेल शे." "नानाले सांग, रॉकेल सरनं." एक निरोप गिळला त्याच्या बदल्यात मी दहा वर्षं निरोपच पोचवत होते, आणि एकही चुकवला नाही. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात, "बरं."

तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो एकदाच. मी कॉलेजात होते. तुम्हाला ताप होता आणि आईने पेज करायला नकार दिला, भिंतीकडे बघून म्हणाली, पोरगं बुडवनारा मानूस पेजवाचून मरत नही. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, ऐक, खरं म्हणजे त्या शुक्रवारी..." तुम्ही तापात खाटेवरून उठलात, माझं मनगट धरून मला मागच्या अंगणात ओढत नेलंत. "तोंड बंद ठेव. तिला एक लेकरू उरलंय. तेही काढून घेतेस का तिचं?" तुमचा हात भाजत होता. तुम्हाला स्वयंपाकघरातल्या त्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तिथे कळलं. नाना, मला रडू यायला हवं होतं. मला हलकं वाटलं. एवढं हलकं वाटलं की त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तुम्ही गेलात तेव्हा आई आत बसून तांदूळ निवडत होती. बायकांनी दोनदा बोलावलं, ती आली नाही. लोकांनी तिलाच बोल लावला. मी तेव्हाही सगळ्यांमध्ये उभी होते, लग्न झालेली, पदरात पोर असलेली, शहाणी बाई.

आई आता माझ्याकडे असते. ऐंशीच्या घरात आहे, पण कान शाबूत आहेत. रविवारी नातू फोटो दाखवत होता तेव्हा ती कोपऱ्यात जप करत होती. तंबू हा शब्द ऐकला आणि माळ थांबली. ती म्हणाली, "तुना बापले मालूम व्हतं." पोराला ही हकीकत कोणी सांगितलेली नाही. त्याने मला विचारलं, "आजी काय म्हणते गं? आजोबांना काय माहीत होतं?" खोलीत आम्ही तिघंच होतो. तुमचा शब्द मोडायचा तर यापेक्षा सोपी वेळ येणार नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना पाणी येणार हे माहीत होतं. ते विसरले." पोराने मोबाईल खाली ठेवला. मग त्याने तंबूचं रद्द करू का विचारलं, आणि तुमच्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

तुम्हीच गप्प राहायला सांगितलंत, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. हे कागद मी आता चुलीत घालणार आहे, कारण आईला अजून वाचता येतं. माझ्या सुनेने दिलं तर ती जेवत नाही, नातवाने दिलं तर तोंड फिरवते. मी भरवलं की लहान पोरीसारखं तोंड उघडते आणि माझ्या पाठीवरून हात फिरवते. तिला दुःख होईल म्हणून मी गप्प नाही, नाना. तो हात मला सोडवत नाही.