शालनताईंची अंगाई

रविवार, संध्याकाळ

समोरच्या शालनताईंना आज त्यांचंच जुनं गाणं मोबाइलवर ऐकवलं. एकेकाळी त्यांच्या लावण्या जत्रेजत्रेत वाजायच्या. मग ऐन भरात गाणं सोडून त्या भोसरीत संसाराला लागल्या. नवऱ्यानेच बंद केलं, असं सगळे म्हणतात. मला सापडलेली ही अंगाई फारशी कुणी ऐकलेलीच नाही. तिच्यात मध्येच आवाज कापतो. तो कापरा आवाज सकाळपासून डोक्यातून जाईना. विचारावं की नको? शेवटी विचारलंच, "ताई, रडत होतात का?"

"न्हाई गं. पैल्यांदाच मनासारखं गात व्हते. त्यानंतर लोकांच्या फर्माइशी गाववेनात. ह्यांनी न्हाई अडवलं मला."

मग म्हणाल्या, "लाव परत." आणि हळूच सोबत गाऊ लागल्या. सून गॅस बंद करून दारात आली. इतक्या वर्षांत सासूला गाताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.