मेन स्विच चालूच होता

आबा, परवा पंचगंगेचं पाणी ओसरायला लागलं तेव्हाची गोष्ट सांगतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही सांगायला मला दुसरं माणूस नाही, याचीसुद्धा लाज वाटते.

तुम्ही जन्मभर लाइनमन. मी, तुमचा मुलगा, मोटारी रिवाइंड करतो. जळालेली तार काढायची, नवी भरायची. पण ती ओढ तुम्हीच लावलीत. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही माझ्या मोडक्या खेळण्यातली मोटार काढून तिला बारका बल्ब जोडताय. दांड्याला दोरा गुंडाळून खस्सकन ओढता, बल्ब लागतो. "वीज दिली की फिरतंय, फिरवलं की वीज देतंय. आत गुंडाळी आन् लोहचुंबक, दुसरं काय न्हाय. वीज कुणाच्या अंगावर चाललीया ते त्याला कळत न्हाय, आपल्याला कळाय पायजे." मी बल्ब काढून दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या, तर दोरा जड लागायला लागला. माझं तोंड बघून तुम्ही केवढे हसला होता.

कुरुंदवाडच्या गिऱ्हाइकाचा जनरेटर भरून झाला होता. गल्लीत चार दिवस वीज नव्हती. मला मिरवायची खाज. म्हटलं, आपल्याच घरावर चालवून बघू. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर केली, एक टोक जनरेटरला, दुसरं स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये. पंखा फिरला, फ्रिज लागला, बायको खूश. मेन स्विच बंद करायचं मात्र राहिलं. घरातली वीज मीटरमधून उलटी बाहेर, खांबापर्यंत गेली. तार पुढं तुटली होती म्हणून ती आमच्याच खांबाशी थांबली.

एकाएकी जनरेटर कण्हला, जड झाला आणि बंद पडला. तो आवाज मी ओळखतो. कुणीतरी तारा एकत्र बांधल्या होत्या. बाहेर धावलो तर खांबाखाली एक तरुण लाइनमन उभा. वर चढायच्या आधी त्यानं बांबूनं तारांवर साखळी टाकली होती. तारेला हात लावायच्या आधी सगळ्या तारा एकमेकींना जोडून जमिनीला टेकवायची ती साखळी. ती टाकली नसती तर... पुढचं मला लिहवत नाही.

"कुणाचा जनरेटर हाय?" तो ओरडला. मी आमच्या दाराकडं बोट केलं. तो सरळ घरात आला, मेन बंद केला आणि खुर्चीत बसला. बायकोनं पाणी दिलं. पिता पिता त्याची नजर भिंतीवरच्या तुमच्या फोटोवर गेली आणि तो उठून उभाच राहिला.

"हे तर आमच्या वस्तादांचे वस्ताद! साखळीबिगर खांबाला शिवायचं न्हाय, ही त्यांचीच शिस्त की. ऑफिसात बी फोटो हाय ह्यांचा." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पावणं, तुम्ही ह्यांचं कोण?"

आबा, मी म्हणालो, भाडेकरू.