पाच मिनिटांचे कामगार

४ नोव्हेंबर

'बरण्या' खरी कितीला पडली, याचा हिशेब आज एकदाचा मांडला. प्रोग्रामरच्या बिलावरचा आकडा सोडून द्या. खरी किंमत अशी: टाइल्स पोचवायची जुनी व्हॅन, ग्रीसच्या समुद्रावरचे रद्द केलेले दहा दिवस, व्हॅन विकल्याचं कळल्यावर बायकोचा, ल्युबिंकाचा नऊ दिवसांचा अबोला, आणि झोपेत दात खाऊन खाऊन तुटलेली एक दाढ. एवढ्या बदल्यात ब्राउझरमध्ये उघडणारा एक गेम. भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या फळीवर एकीवर एक रचायच्या. कोसळल्या की खेळ खलास. डाउनलोड नाही, नोंदणी नाही, कटकट नाही.

टाइल्सच्या धंद्यात भागीदारानं दगा दिला. आता माणसं नकोत, डेटा. डेटा पाठीमागून बोलत नाही.

शिवाय बाकीचे डेटा नुसता बघतात, मी ऐकतो. टाइलवर बोटाचं पेर मारलं की आतली केसाएवढी चीर मला आवाजावरून कळते. बावीस वर्षांत एकानंही मला फुटकी टाइल खपवलेली नाही. आमच्या चाचाक गावात काही वाजलं आणि ते या वितोमिरच्या कानावर आलं नाही, असं होत नाही.

१३ नोव्हेंबर

ट्रेंड सापडला!

दुन्यानं (प्रोग्रामर, नोव्ही सादहून काम करते, फोनवर जांभया देते) ग्राफचं पान उघडून दिलं. दोन तास हललो नाही. रेषा कसल्या, नाडी आहे ती. पंचेचाळीस मिनिटं शांत, मग पाच मिनिटं झुंबड. पुन्हा शांत, पुन्हा झुंबड. मध्ये एकदा वीस मिनिटांची मोठी झुंबड. शनिवार-रविवार शुकशुकाट. एक आठवडा ही सगळी गर्दी सकाळी, पुढचा आठवडा दुपारी. नीश, उझित्से, चाचाक, सगळीकडे तेच.

दुन्याला विचारलं, यात तुला काय दिसतं? म्हणाली, मालक, मला सर्व्हर धापा टाकताना दिसतो.

मला लख्ख दिसलं. पाळ्या! सकाळपाळी, दुपारपाळी. हे कारखान्याचे कामगार आहेत. पंचेचाळीस मिनिटं मशीन, पाच मिनिटं सिगारेट, आणि सिगारेट ओढता ओढता माझ्या बरण्या. वीस मिनिटं म्हणजे जेवणाची सुट्टी. जो तो रडतो की कारखाने बंद पडले, कामगार संपला. डेटा सांगतो, कामगार आहे, शिस्तीत आहे, आणि माझ्याकडे आहे.

संकल्प: आजपासून सिगारेट बंद. गिऱ्हाईक ओढत असताना मालकाचं डोकं ठिकाणावर पाहिजे.

१९ नोव्हेंबर

तिहोमिरकडे गेलो. तिहोमिर माझा कूम. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिला, तेव्हापासून सख्ख्या भावापेक्षा जवळचा. बाजाराशेजारी बापाच्या वेळचं बुटांचं दुकान. थंडीतला सगळा धंदा बायकांच्या बुटांवर.

सांगितलं, बायकांचे बूट काढ, लोखंडी टोकाचे कामाचे बूट भर. जाहिरात माझ्या गेममध्ये. फुकट, कूम म्हणून. तो बराच वेळ एका बुटाची चेन वरखाली करत बसला. म्हणाला, कुमा, हा हिवाळा गेला तर माझं दुकान गेलं, एवढं ध्यानात ठेव. मी म्हटलं, टाइल वाजवून बघितली आहे. म्हणाला, तुझं वाजवणं ठीक आहे रे, विकायचंय मला.

शेवटी हो म्हणाला. माझ्या शब्दावर.

सिगारेट: एक. कामगारांची मानसिकता समजून घ्यायला.

७ डिसेंबर

बुटाच्या जाहिरातीवर पहिल्याच आठवड्यात चार हजार क्लिक! दुन्या म्हणे, मालक, बुटाचं चित्र 'पुन्हा खेळा'च्या बटणाला चिकटून आहे, बोट घसरतंय लोकांचं. तिला सुनावलं की लेथ चालवणाऱ्याचं बोट घसरत नाही, घसरलं तर उरत नाही.

विक्री अजून नाही. साहजिक आहे. कामगार आधी बघतो, मग बायकोला विचारतो, मग पगाराची वाट पाहतो. तिहोमिरला आकडा कळवला. त्यानं त्रेचाळीस ते शेहेचाळीस नंबरचे, दांडग्या मापांचे बूट मागवले. ट्रकभर.

१८ डिसेंबर

आता गेममध्ये गट करता येतात. पहिल्या नंबरवर 'सहा-दोन'. दुसरा 'सात-एक'. तिसऱ्या गटाचं नाव 'सहा-दोन माकडं आहेत'.

शेड नंबर सहा, लाइन नंबर दोन! काय चुरस आहे! विजेत्या लाइनला बिअरची दोन क्रेट जाहीर केली. 'सहा-दोन'चा निरोप आला: काका, कोला चालेल का?

निर्व्यसनी कामगार. डोळे भरून आले.

१० जानेवारी

नवीन वर्षापासून ग्राफ मेला आहे. एकसुद्धा झुंबड नाही. बॉयलरची दुरुस्ती म्हणावी, तर अख्ख्या देशाचे बॉयलर एकदम? मग संप. मला न सांगता! त्यांच्यासाठी बरण्यांचे आकार वाढवले, रंग बदलले, आणि एका शब्दानं कळवू नये?

ल्युबिंका सुट्टीवर, घरातच. (शाळेच्या ऑफिसात सेक्रेटरी आहे.) सारखी विचारते, तोंड का पाडलंयस. म्हटलं, कामगारांनी पाठ फिरवली. म्हणाली, कुठले कामगार? तुझ्याकडे कोण आहे कामाला? धंद्यातलं घरी बोलू नये ते यासाठी.

तिहोमिरचा फोन. चार जोड गेले. तेही घळीतल्या मठाच्या साधूंनी नेले, लाकडं फोडायला. शेजारच्या दुकानात बायका रांग लावून बूट घेतायत, असंही म्हणाला. मी म्हटलं, कुमा, धीर धर. म्हणाला, धीर शेहेचाळीस नंबरचा आहे का?

सिगारेट: चार. संप आहे.

२७ जानेवारी

गेल्या आठवड्यात सगळे परतले होते. आज पुन्हा शून्य. आज संत सावाचा दिवस. बँक उघडी, दुकानं उघडी, कारखान्यांची धुराडी चालू. फक्त शाळांचे वर्ग बंद असतात. ल्युबिंका ठेवणीतला कोट घालून शाळेत प्रसादाची पोळी कापायला गेली. आणि माझे कामगार? एक जण नाही!

किती देवभोळी माणसं. मशीन बंद, हातात मेणबत्ती. अशी माणसं दगा देत नाहीत. तिहोमिरला तसं कळवलं. 

४ फेब्रुवारी

दुन्याचा फोन. आज जांभई नाही. म्हणाली, मालक, दोन आठवडे सांगू सांगू म्हणतेय. ती पोरं आहेत. शाळेतली. सहा-दोन म्हणजे सहावीची दुसरी तुकडी. माझा भाचा पाच-तीनमध्ये आहे, तोही खेळतो.

विचारलं, तुला कुणी फितवलं? म्हणाली, अहो, पंचेचाळीस मिनिटांचा तास, पाच मिनिटांची सुट्टी, एक आठवडा सकाळची शाळा, एक आठवडा दुपारची. तुम्ही शाळेत गेला नव्हतात का?

गेलो होतो. पण आमच्या वेळी सुट्टीत मारामारी व्हायची, ट्रेंड नाही.

तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. म्हणाली, मालक, राजीनामा कालच पाठवलाय, मेल उघडून बघा.

उघडून बघितला. कालचाच होता. पहिला घाव.

२४ फेब्रुवारी

चाचाकची रेषा कात्रीनं कापल्यासारखी. सण नाही, सुट्टी नाही. नीश चालू, उझित्से चालू, माझंच गाव मेलं. म्हणजे काम जवळच्या माणसाचं. सगळं ठाऊक असलेला माणूस एकच.

तडक तिहोमिरच्या दुकानात. खोक्यांच्या भिंतीमागे बसला होता, नुसतं टक्कल दिसत होतं. विचारलं, माझे कामगार कुणाला विकलेस?

त्यानं एक खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, कुमा, काल एक पोरगा आला होता. म्हणाला, काका, बरण्यांमधले बूट ते हेच ना? म्हटलं, हेच. दोन्ही पाय एकाच बुटात घालून फोटो काढला आणि पळाला. तेवढंच गिऱ्हाईक झालं काल. आता तू सांग, मी कुणाला काय विकणार?

विषय बदलण्यात पहिल्यापासून हुशार. दार आपटून आलो. लग्नातला साक्षीदार, आणि त्यानंच साक्ष फिरवावी! दुसरा घाव.

सिगारेट: मोजली नाही.

२६ फेब्रुवारी

तिसरा. घरातला.

जेवताना ल्युबिंका सहज म्हणाली, शाळेत आता कशी शांतता आहे. सकाळी सगळ्यांचे फोन पेटीत जमा, मोठ्या सुट्टीतसुद्धा मिळत नाहीत. गावातल्या सगळ्या शाळांनी मिळून ठरवलं.

घास तिथेच राहिला. विचारलं, ठराव टाइप कुणी केला? म्हणाली, मी. कुठे? इथेच, या टेबलावर. तू समोर बसला होतास ग्राफ बघत. मोठ्यानं वाचून दाखवला तुला. तू म्हणालास, छान आहे, पाठवून दे.

विचारलं, सहा-दोन कोण आहेत, माहीत आहे? ती हसायलाच लागली. म्हणाली, अख्ख्या शाळेतली वाह्यात तुकडी. वितो, तुला कुठून कळली ती?

रात्री निषेध म्हणून सोफ्यावर झोपलो. उशी तिनंच आणून दिली, त्यामुळे निषेध नीट झाला नाही.

पोरांवर राग नाही. पण आपण कामगार आहोत असं त्यांनी मला भासवलं, हे मी विसरणार नाही.

१२ मार्च, संध्याकाळी पाच

तिहोमिर आला. बोलावलं नव्हतं. बाल्कनीत कॉफी घेतली. अर्धं दुकान फोनची कव्हरं विकणाऱ्या एका बाईला भाड्यानं दिलं म्हणाला. बापाची पाटी अर्ध्यात मावत नाही, म्हणून उतरवली. बूट तळघरात.

शिव्या देईल असं वाटलं होतं. माझी उत्तरं तयार होती, चांगली होती. त्यानं साखर मागितली.

मीच विषय काढला. म्हटलं, कुमा, सगळ्यांनी मिळून आपल्या दोघांना फसवलं. दुन्यानं, पोरांनी, माझ्या बायकोनं. यापुढे ग्राफ नको, सल्ला नको. मी फक्त माझ्या कानांवर...

तेवढ्यात खणखणून घंटा झाली. मागोमाग पोरांचा गलका. इतका की पुढचं वाक्य मला स्वतःला ऐकू आलं नाही.

तिहोमिरनं कप खाली ठेवला. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसला. पुन्हा घंटा झाली, गलका थांबला. मग हळूच म्हणाला, कुमा, हे रोज असतं?

आतून ल्युबिंका म्हणाली, दर पंचेचाळीस मिनिटांनी.

तिची शाळा आमच्या बाल्कनीच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की फाटक. या घरात आम्ही एकोणीस वर्षं राहतो.